नोकरी गेली, पुढं काय? कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी मी आमच्या पेठेतल्या वाचनालयात दोन-तीन तास बसतो. काम सुटलेली, काम न मिळालेली, कोणतं काम करावं हेच न कळलेली माणसं येतात. ज्यांना यायला अवघड वाटतं ती व्हॉट्सॲपवर लिहितात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली. मी स्वतः फौंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) अकरा वर्षं काढल्यावर दहा महिने घरी बसलेला माणूस आहे. त्यामुळं काही उत्तरं कागदावरची आहेत आणि काही अंगावरची.

१. परवा नोकरी गेली. डोकं चालेनासं झालंय. आधी काय करू?

आधी कागद गोळा करा. महिना उलटला की ऑफिसातली माणसं फोन उचलायची कमी होतात. अनुभवाचं पत्र, रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा नंबर), ईएसआयचा (कामगार विम्याचा) नंबर, एवढं हातात हवं. यूएएनला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे का आणि आधारवरचं नाव पीएफवरच्या नावाशी जुळतं का, हे आजच बघा. एका अक्षराच्या फरकानं पैसे अडकून पडतात.

मग वहीच्या एका पानावर दोन आकडे लिहा: जवळ किती आहे आणि घर महिन्याला कितीत चालतं. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की किती महिने हातात आहेत ते कळतं. आकडा लहान निघाला तरी लिहाच. न लिहिलेला आकडा रात्रभर डोक्यात फिरतो आणि तो नेहमी खऱ्यापेक्षा वाईट असतो. पहिले पंधरा दिवस गाडी विकणं, गाव सोडणं, मित्राच्या धंद्यात पैसे घालणं यातलं काहीही ठरवू नका.

२. घरी कसं सांगू? वडिलांना धक्का बसेल.

आजच सांगा. इथं मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान इथं झालं.

२०१९ च्या महापुराच्या वर्षी गाड्यांचा बाजार पडला होता. कास्टिंगच्या ऑर्डरी आटल्या आणि आमच्याकडची माणसं कमी केली, त्यात मी होतो. मी एकोणीस दिवस घरी सांगितलं नाही. सकाळी साडेसातला डबा घेऊन निघायचो आणि रंकाळ्याच्या घाटावर जाऊन बसायचो. साडेबाराला डबा उघडायचो, कारण पोटाला भोंग्याची सवय होती. विसाव्या दिवशी आईनं विचारलं, "खातं बदललं काय रे तुझं?" फौंड्रीतल्या माणसाचे कपडे भिजवले की बादलीतलं पाणी काळं होतं, कॉलरच्या शिवणीत वाळूचे कण राहतात. तीन आठवडे पाणी नुसतंच साबणाचं निघत होतं. तिला केव्हाच कळलं होतं. मी कधी बोलतोय याची ती वाट बघत होती.

त्या दिवसांत घरखर्च जुन्या पगाराच्या हिशोबानं चालू राहिला. शिवाय काम शोधता येईना. काम शोधायचं तर चार माणसांना सांगावं लागतं आणि त्यातलं कुणीतरी घरी बोलणार, ही भीती. माझ्या आतेभावाच्या कंपनीत त्याच पंधरवड्यात एक जागा निघाली आणि भरलीसुद्धा. मी मोकळा आहे हे त्याला माहीतच नव्हतं. तिथली पुढची जागा निघायला नऊ महिने लागले.

कसं सांगायचं, तर रात्री जेवणं झाल्यावर, एका वाक्यात: "माझी नोकरी गेली, पैसे अमुक महिने पुरतील, मी उद्यापासून काम शोधतोय." पहिल्या प्रश्नातलं वहीचं पान पुढ्यात ठेवा. वडील थोडा वेळ गप्प बसतील. बसू द्या.

३. कंपनी म्हणते, "राजीनामा लिहून दे, हिशोब लगेच करतो." देऊ का?

तुम्हाला स्वतःहून सोडायचं नसेल तर देऊ नका, निदान त्या टेबलावर बसून तरी नाही. "घरी विचारून उद्या सांगतो" म्हणून उठा.

कारण साधं आहे. एक वर्ष सलग काम (वर्षात २४० दिवस भरले की वर्ष धरतात) झालेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. राजीनाम्यावर सही केली की तुम्ही आपणहून गेलात असं होतं, आणि ही भरपाई मागायला जागा उरत नाही. ईएसआयचा बेकारी भत्ताही अडचणीत येतो (प्रश्न ५).

ग्रॅच्युइटी मात्र वेगळी. पाच वर्षं झाली असतील तर राजीनामा दिला तरी ती मिळते. हिशोब असा: शेवटचा बेसिक अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. बेसिक आणि डीए मिळून १३,००० असेल आणि आठ वर्षं झाली असतील तर ६०,००० रुपये. कंपनीनं सांगितलेला आकडा या हिशोबाशी ताडून बघा.

वाद झाला तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते. आधीच सही करून बसला असाल आणि ती दबावाखाली झाली असेल, तर कोण काय बोललं, कोणत्या तारखेला, ते आठवतंय तोवर लिहून ठेवा, मेसेज पुसू नका आणि कामगार कायद्याच्या वकिलाला किंवा युनियनच्या माणसाला दाखवा.

४. पीएफ काढून घर चालवू का?

दोन-तीन महिन्यांत काम मिळेल असं वाटत असेल तर थांबा. नोकरी सुटली म्हणून त्यावरचं व्याज लगेच थांबत नाही, आणि नवीन कंपनीत त्याच यूएएनवर रक्कम पुढं नेता येते. पाच वर्षांची नोकरी भरण्याआधी काढली आणि रक्कम ५० हजार किंवा त्याहून जास्त असेल तर टीडीएस (आगाऊ कर) कापतात.

पेन्शनचा भाग लोक विसरतात. पेन्शनला किमान १० वर्षांची सेवा लागते. आठ-नऊ वर्षं झालेला माणूस थोड्या पैशांसाठी पेन्शनचा हिस्सा काढून टाकतो आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. तो न काढता स्कीम सर्टिफिकेट घेतलं तर जुनी वर्षं पुढच्या नोकरीत धरली जातात.

घरात शिजवायला नाही अशी वेळ आली असेल तर मात्र काढा. पैसा त्यासाठीच असतो.

५. पगारातून ईएसआय कापत होते. आता त्याचा काही उपयोग?

आहे. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बेकार झालेल्या विमाधारकाला सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के रक्कम, आयुष्यात एकूण ९० दिवसांपर्यंत मिळते. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला किंवा गैरवर्तनासाठी काढलेल्याला मिळत नाही. ही योजना मुदतवाढीवर चालते, तेव्हा ईएसआयच्या शाखेत जाऊन सध्याची मुदत विचारा आणि अर्ज लवकर करा.

दवाखानाही त्याच दिवशी बंद होत नाही. एप्रिल ते सप्टेंबर या काळात भरलेल्या अंशदानावर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत लाभ चालतो. आईवडिलांचं औषधपाणी चालू असेल तर या तारखा लिहून ठेवा. मोठं आजारपण आलं तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, रेशनकार्ड जवळ असू द्या.

६. हप्ते आणि भिशी कशी भरू?

हप्ता चुकायच्या आधी बँकेत किंवा पतसंस्थेत जाऊन भेटा. चुकल्यावर भेटणारा आणि आधी भेटणारा यांच्याशी मॅनेजर वेगळं बोलतो. भिशी लागायची असेल तर सगळ्यांना सांगून आधी मागा, बहुतेक मंडळी देतात. मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपच्या नादाला अजिबात लागू नका. घरातलं सोनं बँकेत तारण ठेवणं त्यापेक्षा कितीतरी बरं.

७. काम शोधायला सुरुवात कुठून करू? ऑनलाइन अर्ज टाकून टाकून कंटाळलो.

कोल्हापुरातल्या कितीतरी जागा जाहिरातीपर्यंत पोचतच नाहीत. गेटवर "पाहिजेत" चा बोर्ड लागतो, शिफ्टमधली माणसं ओळखीतल्या पोरांना फोन करतात, दोन दिवसांत जागा भरते. म्हणून पायानं शोधा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित वसाहत, तिकडं इचलकरंजी आणि हुपरी. एका दिवशी एकच वसाहत घ्या, बायोडाटाच्या वीस प्रती घेऊन सकाळी दहाच्या आत पोचा. गेटवरच्या वॉचमनमामांशी नीट बोला. आत कुठं भरती आहे हे त्यांना आधी कळतं. उद्यमनगरात तर एचआर वगैरे भानगड नसते, बहुतेक ठिकाणी शेडमध्ये मालकच भेटतो. तिथं बायोडाटापेक्षा "मशीनवर चालवून दाखवतो" हे वाक्य कामाला येतं.

दुसरं, चाळीस माणसांची यादी करा: जुने सहकारी, शाळेतले वर्गमित्र, तालमीतली मंडळी, मामाकडची, सासरची. प्रत्येकाला एकेक फोन. "कुठं काही असेल तर बघ" असं मोघम बोललं की समोरचा विसरून जातो. "व्हीएमसी मशीनवर चार वर्षं झालीत, सेटिंग येतं, कागलपर्यंत येऊ शकतो," असं सांगितलं की त्याला पुढं कुणाला तरी सांगता येतं.

तिसरं, महास्वयम पोर्टलवर नोंदणी करा. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राचे रोजगार मेळावे तिथं कळतात. पूर्वी ज्याला आपण एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणायचो, तेच हे.

८. मुलाखतीत "इतके महिने काय करत होता?" विचारतात. काय सांगू?

खरं, दोन वाक्यांत. "कंपनीत माणसं कमी केली. तेव्हापासून काम शोधतोय, मधल्या काळात हे शिकलो." तिसरं वाक्य जुन्या मालकाबद्दल नको, तो कितीही वाईट वागला असला तरी. आणि "हे शिकलो" खरं असावं म्हणून बेकारीच्या पहिल्या महिन्यातच काहीतरी हातात घ्या: सॉलिडवर्क्स, टॅली, ड्रायव्हिंग लायसन्स, काहीही. खोटा अनुभव लिहू नका. इथली औद्योगिक दुनिया लहान आहे, एका फोनवर कळतं.

९. डिग्री आहे, पण आपल्याला काय करायचंय हेच कळत नाही. दिशा कशी शोधू?

हा प्रश्न विचारणारी मुलं बहुतेक घरी बसून विचार करत असतात. घरी बसून हे कळत नाही, हे मी शेकडो तास ऐकून सांगतोय. काम कसं असतं हे ते करणाऱ्याच्या शेजारी उभं राहिल्यावर कळतं.

एका बीकॉम झालेल्या मुलीला मी विचारलं, गेल्या वर्षभरात घड्याळाकडं न बघता काय केलंस? बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "मावशीच्या बचत गटाचा तीन वर्षांचा हिशोब लावून दिला." अकरा रुपये जुळत नव्हते म्हणून रात्री दोनपर्यंत बसली होती. तिला ते काम वाटलंच नव्हतं. मी तिला एका कर सल्लागाराकडं आठवडाभर नुसतं बसायला पाठवलं. आता ती तिथंच जीएसटीची रिटर्न भरते.

तर तीन कामं निवडा, जी जवळपास कुणीतरी करतंय. प्रत्येकाकडं जा आणि दोन दिवस सोबत राहू द्या म्हणून विनंती करा. आपल्याकडची माणसं याला सहसा नाही म्हणत नाहीत. आल्यावर एकच गोष्ट लिहा: यातलं कंटाळवाणं काम मला रोज करता येईल का? प्रत्येक कामात कंटाळवाणा भाग असतोच, आणि दिवसाचा मोठा भाग त्यातच जातो. ज्याचा कंटाळवाणा भाग सोसवतो, ते काम तुमचं असण्याची शक्यता जास्त.

१०. सहा वर्षं एमपीएससी करतोय. वय ३१. सोडू का?

नियमानं खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत संधी असते. हाच आकडा मुलांना बांधून ठेवतो. वय शिल्लक आहे म्हणून बसून राहणं आणि तयारी पुढं सरकतेय म्हणून बसणं यात फरक आहे.

गेल्या तीन पूर्वपरीक्षांचे स्वतःचे गुण आणि कटऑफ शेजारी शेजारी लिहा. अंतर कमी होत असेल तर एक शेवटची तारीख ठरवा आणि ती घरच्यांना सांगा. अंतर तेवढंच असेल किंवा वाढत असेल तर पूर्णवेळ तयारी थांबवा. परीक्षा नोकरी करूनही देता येते, आणि अर्ध्या दिवसाचं का होईना काम हाती असलं की अभ्यासिकेतल्या खुर्चीत बसल्यावर छातीवर दगड राहत नाही.

सोडणाऱ्यांना एक सांगतो. सहा वर्षं वाया गेली असं म्हणू नका. राज्यघटना, अर्थव्यवस्था, मराठीत नेमकं लिहिणं, दिवसाला आठ तास बसण्याची सवय, हे सगळं तुमच्याजवळ आहे. सहकारी बँका, पतसंस्था, स्वयंसेवी संस्था आणि क्लास यांना अशीच माणसं लागतात. राजारामपुरीतल्या क्लासमध्ये शिकवणारे कितीजण याच वाटेनं आलेत ते विचारून बघा. पोलिस भरती किंवा अग्निवीरकडं वळणार असाल तर वयाचं गणित वेगळं आहे. अग्निवीरची मर्यादा एकविशी-बाविशीच्या आसपासची, आणि चार वर्षांनंतर २५ टक्क्यांपर्यंतच मुलं कायम होतात.

११. पदवीनंतर अप्रेंटिस किंवा प्रशिक्षणार्थी म्हणून जाणं कमीपणाचं नाही का?

नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना विद्यावेतन ठरलं आहे. त्यानंतर नोकरीची हमी नाही, हे आत जातानाच समजून घ्या. म्हणून पगाराइतकंच "मला कोणत्या खात्यात ठेवणार?" हे विचारा. कारखान्यातली अप्रेंटिसशिप मिळत असेल तर मी ती आधी घेईन, कारण हातात कसब येतं आणि शेवटी परीक्षेचं प्रमाणपत्र मिळतं.

१२. पुण्याला जाऊ का?

पगारातला फरक बघू नका, महिनाअखेरी हातात उरणाऱ्या रकमेतला फरक बघा. खोलीभाडं, मेस, प्रवास आणि महिन्यातून एकदा गावी येणं वजा करा. आठ-दहा हजारांचा फरक इथंच संपतो. ज्या कामाची शिडीच कोल्हापुरात फार वर जात नाही, आयटी किंवा डिझाईन, त्यासाठी नक्की जा. काम हातात नसताना "तिकडं गेल्यावर बघू" म्हणून जायचं असेल तर तीन महिन्यांचे पैसे आणि एक राहण्याची जागा पक्की करून जा.

१३. नोकरी नको, धंदाच करतो म्हणतोय. सरकारी कर्ज मिळतं म्हणे?

मिळतं, जिल्हा उद्योग केंद्रात जा. पीएमईजीपीत (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात) उत्पादनाला ५० लाख आणि सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. अनुदान खुल्या वर्गाला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के, महिला, मागासवर्गीय वगैरे विशेष गटांना २५ आणि ३५ टक्के. स्वतःचे पैसे अनुक्रमे १० आणि ५ टक्के घालावे लागतात. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही आहे.

अडचण अशी, की अनुदान हातात येत नाही. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि धंदा चालू असला तरच कर्जात वळतं होतं. सबसिडीसाठी धंदा काढणारे इथंच अडकतात. शिवाय आधीपासून चालू असलेल्या धंद्याला ही योजना नाही, त्यांनी मुद्रा कर्जाकडं बघावं. बेकार झाल्या झाल्या पीएफची रक्कम घालून हॉटेल किंवा चहाची गाडी काढू नका. ज्या धंद्यात उतरायचंय तिथं आधी सहा महिने नोकरी करा.

१४. सगळे म्हणतात, "गावाकडं ये, म्हशी घे." घेऊ का?

दूध संघाचं बिल दर दहा दिवसांनी येतं, हा म्हशीचा मोठा आधार, आणि म्हणूनच हा सल्ला इतक्यांदा मिळतो. पण वैरण स्वतःच्या रानातली आहे का आणि पहाटे-संध्याकाळ धार काढणारं माणूस घरात कोण आहे, हे दोन प्रश्न आधी सोडवा. बहुतेक घरात दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आई किंवा बायको असं येतं, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

१५. लग्नानंतर नऊ वर्षं घरी होते. आता कोण घेणार मला?

ताई, नऊ वर्षांपूर्वीच्या पदावर कुणी घेणार नाही, पण कामाला घेतील. शिक्षण अर्धवट असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी राहून पूर्ण करता येतं. पहिली नोकरी मुलांच्या शाळेच्या वेळेत बसणारी बघा: दवाखान्याचा रिसेप्शन, शाळेचं ऑफिस, पतसंस्था, गारमेंट युनिट. पगार कमी असला तरी वर्षभर टिका, बायोडाटात ताजी ओळ येते. आणि घरात कोणती कामं कोण घेणार हे रुजू व्हायच्या आधी बोलून घ्या, नाहीतर दोन महिन्यांत तुम्हीच सोडाल.

१६. वय ५१. फौंड्री बंद पडली. मोल्डिंगशिवाय (वाळूचे साचे करण्याशिवाय) काही येत नाही.

काका, तुम्हाला वाळू मुठीत दाबून ओल कळते. नवीन पोराला ते शिकवायचं म्हटलं तरी वर्षं जातात. हेल्पर म्हणून अर्ज करू नका. "रिजेक्शन कमी करून देतो, पोरं तयार करतो," असं म्हणून लहान फौंड्रीच्या मालकाला भेटा. कागद नसेल तर आधीच्या कौशल्याला मान्यता देणारं आरपीएल प्रमाणपत्र काढता येतं.

पेन्शनची १० वर्षं झाली असतील तर पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांना दरसाल ४ टक्के कपात होते आणि ती कायमची असते. दुसरा मार्ग आहे तोवर तिला हात लावू नका.

१७. एजंट म्हणतो, पैसे भरा, नोकरी पक्की. दुबईचंही आहे.

नोकरीसाठी पैसे मागितले की तिथंच थांबा. सरकारी नोकरी पैशानं लावून देतो म्हणणारा तुम्हाला फसवतोय आणि गुन्ह्यातही ओढतोय. परदेशासाठी एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडं नोंदलेला आहे का ते ई-मायग्रेट पोर्टलवर बघा. त्याला ३० हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. पर्यटन व्हिसावर कामाला जाऊ नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

१८. झोप लागत नाही. कधी कधी वाटतं, आपण नसलो तर बरं.

हे वाटत असेल तर बाकीचे प्रश्न बाजूला ठेवा आणि आत्ता १४४१६ ला फोन करा. टेली मानस आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून जाता येतं. आज रात्री एकटं झोपू नका. भावाला, मित्राला, कुणालाही "आज माझ्याजवळ थांब" एवढंच म्हणा. कारण सांगायची गरज नाही.

इतकं टोकाचं नसेल, नुसतं सुकल्यासारखं होत असेल, तर उठायची वेळ नोकरीतलीच ठेवा, दाढी करा, दुपारपर्यंत शोधाशोध आणि नंतर शोध बंद. मला सातव्या महिन्यात तालमीतल्या वस्तादांनी पहाटे लहान पोरांच्या जोर-बैठका मोजायला बसवलं. पैसे नव्हते त्यात. पण सकाळी सहाला कुणीतरी माझी वाट बघतंय, यावर मी ते तीन महिने काढले.

१९. मुलगा दोन वर्षं घरी आहे. बोललं की चिडतो. आम्ही काय करावं?

पाहुण्यांसमोर विषय काढू नका. "शेजारचा बघ" हे वाक्य घरातून काढून टाका. रोज विचारण्यापेक्षा आठवड्यातून एक वार ठरवा, त्या दिवशी अर्धा तास काम या विषयावर बोलायचं आणि बाकी सहा दिवस त्याला माणूस म्हणून जेवायला वाढायचं. घरखर्चाचा खरा आकडा त्याला दाखवा (प्रश्न १). सतत खोलीत बसून असेल, जेवण आणि झोप बिघडली असेल, तर प्रश्न १८ वाचा.

२०. मला काम लागलं, बरोबरच्या मित्राला नाही. त्याला टाळायला लागलोय. चुकतंय का?

चुकतंय, पण सुधारता येतं. त्याला आज फोन करा. "काही लागलं तर सांग" म्हणू नका, तो सांगणार नाही. त्याचा बायोडाटा मागून घ्या आणि स्वतः नेऊन एचआरच्या टेबलावर ठेवा. तुमच्या गेटवर बोर्ड लागला की उभ्या उभ्या फोटो काढा आणि शिफ्ट सुरू व्हायच्या आधी त्याला पाठवा.